टेकडी, धरण, बाग: पुण्यात पक्षी बघायचा पूर्ण दिवस नीट कसा आखायचा

पक्षी बघायला नवीन लागलेली बरीच मंडळी दिवस उलटा लावतात. आठ-साडेआठला निवांत टेकडी चढायची, मग दमून नाश्ता, मग दुपारची झोप, आणि साडेचार-पाचला खडकवासल्याला पोचायचं, तेव्हा चौपाटीवर कणसं-भजीवाल्यांभोवती गर्दी झालेली असते आणि ऊन डोळ्यावर येत असतं, त्यामुळे समोरची सगळी बदकं नुसती काळी दिसतात. घरी येऊन म्हणतात की खडकवासल्याला काही नसतंच. असतं हो, भरपूर असतं, फक्त बघायची वेळ आणि जागा चुकलेली असते.

म्हणून हा लेख. सूर्य कुठे असेल आणि त्या वेळेला पक्षी काय करत असतील, ह्या दोनच गोष्टींवर दिवस आखायचा, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. मी इथे तळजाई टेकडी, मग खडकवासल्याचं बॅकवॉटर आणि संध्याकाळी एखादी जुन्या झाडांची बाग असा क्रम धरलाय कारण तो सिंहगड रोडच्या बाजूने सरळ जमतो. तुम्ही कोथरूड-पाषाण बाजूला असाल तर तळजाईच्या जागी वेताळ टेकडी घ्या, क्रम तोच ठेवा.

१. आठवडाभर आधी: महिना, वार आणि पाणी

महिना आधी ठरवा. पाहुणे पक्षी म्हणजे धोबी, थिरथिरा, पर्णवटवटे, हिवाळी बदकं हे सगळे बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ. सप्टेंबरच्या शेवटापासून धोबी दिसायला लागतात पण बदकं जरा उशिरा जमतात, आणि मार्च संपता संपता बरीचशी निघून गेलेली असतात. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका असं नाही, तेव्हा इथलेच पक्षी घरटी करत असतात, पण तो वेगळाच दिवस असतो आणि तेव्हा आपण लांब राहिलेलंच बरं.

वार शक्यतो मधला घ्या. शनिवार-रविवारी सिंहगडावर जाणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता सकाळपासून भरतो, आणि सुट्टीच्या दिवशी धरणाच्या काठावर लोक असतातच. रविवारच मिळत असेल तर सगळ्या वेळा अर्धा तास अलीकडे ओढा.

आता पाणी, जे कोणीच बघत नाही. खडकवासला धरण तसं लहान, साठवण जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट). वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर ह्या धरणांतून पाणी येतं आणि इथून कालव्याने पुढे दौंड-इंदापूरकडे जातं. त्यामुळे आवर्तन (कालव्यात ठरावीक काळ पाणी सोडणं) चालू असलं, वरून सोडलं किंवा बंद केलं की इथली पातळी पटकन वरखाली होते. काठोकाठ भरलेलं असेल तर काठाला चिखल उरत नाही आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी, म्हणजे तुतवार, शेकाटे, चिखले, तुम्हाला दिसणार नाहीत, त्या दिवशी बदकं, पाणकावळे, सुरय ह्यांच्यावर भर द्यायचा. पाणी थोडं उतरून गाळाचा पट्टा उघडा पडला असेल तर नेमकं उलटं. धरणसाखळीतल्या पाण्याचे आकडे स्थानिक पेपरात येत असतात, दोन मिनिटांत बघून होतं.

तपासा: महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच वेळा उघडतात. जी बाग घेणार तिच्या गेटवरची पाटी आधी वाचून या, आणि मोठा कॅमेरा चालतो का हे वॉचमनला विचारून ठेवा. टेकडीवर वनखात्याची पाटी असेल तर तिच्यावरच्या वेळा पाळायच्या.

२. आदल्या रात्री: दुर्बीण, फोन, पिशवी

दुर्बिणीपासून सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. दुर्बिणीवर ८x४२ किंवा १०x४२ असं लिहिलेलं असतं, पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. लोक हट्टाने १० पट घेतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिली दुर्बीण ८x४२ च घ्यावी. हात कमी हलतो, एका नजरेत जास्त भाग दिसतो त्यामुळे फांदीतला वटवट्या सापडतो तरी, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र जास्त उजळ दिसतं. आणि वीस पट-तीस पट म्हणून स्वस्तात मिळते ती घेऊच नका, हातात धरून तिच्यातून काहीही स्थिर दिसत नाही.

आता तुमच्या डोळ्यांना ती लावून घ्या. बहुतेकांनी हे कधी केलेलंच नसतं आणि दिवसभर डोकं दुखतं:

१) दोन्ही नळ्या जवळ-लांब करून बघा, दोन गोल मिळून एक गोल दिसला पाहिजे.
२) चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी किंवा फिरणारे कप आत घाला, नसेल तर बाहेर काढा.
३) वीस-पंचवीस मीटरवरची एक अक्षरं असलेली पाटी धरा. उजवा डोळा बंद करून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.
४) आता डावा डोळा बंद, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची रिंग फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. (काही दुर्बिणींत ही रिंग मधल्या चाकापाशीच असते.)
५) ती रिंग कुठल्या खुणेवर आहे ते लक्षात ठेवा. दिवसभर आता फक्त मधलं चाक फिरवायचं.

आणि गच्चीत उभं राहून दहा मिनिटं ही सवय करा: वस्तूवरची नजर हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवीन माणूस पक्षी दिसला की खाली दुर्बिणीकडे बघतो, मग वर बघतो, तोवर पक्षी गेलेला असतो किंवा फांदी हरवलेली असते. मान, डोळे, सगळं पक्ष्यावर, फक्त हात वर. विजेच्या तारेवरचा कावळा, पाण्याची टाकी, काहीही चालेल सरावाला.

फोनमध्ये ई-बर्ड (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायला) आणि मर्लिन (पक्षी ओळखायला मदत म्हणून) ही दोन्ही ॲप टाका, दोन्ही कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेची, फुकट आहेत. मर्लिनमध्ये आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्या, काठावर रेंज असेलच असं नाही. लोकेशन चालू, बॅटरी पूर्ण, जमलं तर पॉवरबँक.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे. पांढरा शर्ट आणि भडक लाल जॅकेट नको. पूर्ण बाह्या, टोपी, बूट. दोन लिटर पाणी, खायला काहीतरी कोरडं जे कागदात किंवा डब्यात आहे, चुरचुरणारी प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, शांततेत तो आवाज फार लांब जातो. छोटी वही आणि पेन्सिल, ॲप असलं तरी.

३. पहाट ते पावणेनऊ: टेकडी

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. तुम्ही साडेसहाला पायथ्याशी हवे. सूर्य उगवल्यावर निघायचं नाही, उगवताना जागेवर असायचं, कारण पहिला तास-दीड तास छोटे पक्षी सगळ्यात जास्त फिरतात, रात्रभराची भूक असते आणि थंडीत उन्हाला येऊन बसतात.

इथला क्रम असा:

पहिली वीस मिनिटं नुसती ऐका. अंधुक असतानाच दयाळ गायला लागतो, मोर ओरडतात, टिटवी, भारद्वाजाचा खोल हूप-हूप, पिंगळ्यांची शेवटची भांडणं. दुर्बीण गळ्यात राहू दे.

मग पूर्वेचं ऊन जिथे सगळ्यात आधी पडतं तो उतार शोधा, म्हणजे झाडीचा कडेचा भाग, जिथे गवत आणि झुडपं झाडांना भिडतात. आत दाट गिरिपुष्पाच्या झाडीत घुसू नका, आत पक्षी कमी आणि दिसतात त्याहून कमी. कडेला मात्र बुलबुल, चिरक, शिंपी, सातभाईंचा घोळका, वेडा राघू, कोतवाल, खाटीक, गप्पीदास, आणि हिवाळ्यात शेपूट थरथरवणारा थिरथिरा, सगळे उन्हात येऊन बसतात.

सूर्य पाठीशी ठेवा. हे दिवसभर पाळायचं पण टेकडीवर लोक हमखास विसरतात कारण पायवाट नेईल तिकडे जातात. पायवाट पूर्वेला जात असेल तर ती परत येताना घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चालू नका. म्हणजे चाला, पण पन्नास-शंभर पावलं चालून पंधरा मिनिटं थांबा. एखादं फुललेलं किंवा फळलेलं झाड, उंबर, वड, पिंपळ, फेब्रुवारीत काटेसावर किंवा पांगारा, आणि त्याच्यापासून पंधरा-वीस पावलांवर झाडाच्या सावलीत उभे रहा किंवा बसा. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही कारण तुम्ही आलेले सगळ्यांनी बघितलेलं असतं. मग एकेक परत येतात. बहुतेक लोक नेमके चौथ्या मिनिटाला उठतात आणि पुढच्या झाडाकडे जातात, तिथेही तेच, असं करत करत चार किलोमीटर चालणं होतं आणि यादीत बुलबुल, मैना, कावळा. वेताळ टेकडीवर असाल तर जुन्या खाणीच्या पाण्यापासून थोडं वर, कडेपासून मागे बसून बघा, पाण्यावर येणारे पक्षी आरामात दिसतात.

सावधान: मर्लिनने आवाजावरून सुचवलेलं नाव म्हणजे दिसलेला पक्षी नव्हे. खाली शहराचा, गाड्यांचा गोंगाट असतो, शिवाय कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ॲपने नाव दाखवलं की ते फक्त "ह्या दिशेला हे शोधा" एवढंच समजायचं. स्वतः बघितल्याशिवाय किंवा तो आवाज स्वतःला खात्रीने ओळखता येत असल्याशिवाय लिहायचं नाही.

सावधान: फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय, तो खाणं सोडून, पिल्लं असतील तर पिल्लं सोडून धावत येतो. टेकडीवर एका सकाळी दहा जणांनी हे केलं तर त्या पक्ष्याचं काय होत असेल ह्याचा विचार करा. फोटोपायी हे फार वाढलंय आणि ते बघून खरंच त्रास होतो.

पावणेनऊला इथली यादी बंद करा आणि निघा. इथेच मोह होतो, एखादा निळा माशीमार दिसलेला असतो आणि पाय निघत नाही. निघा. धरणाचं ऊन थांबत नाही.

४. सव्वानऊ ते सव्वाअकरा: खडकवासल्याचा काठ

हा टप्पा सकाळी का हे आधी नीट समजून घ्या म्हणजे दुसऱ्या कुठल्याही तलावाला हेच लावता येईल. सिंहगड-पानशेत रस्ता जलाशयाच्या आग्नेय-दक्षिण काठाने जातो. त्या काठावर उभं राहिलं की तोंड साधारण वायव्येला असतं. हिवाळ्यात साडेनऊला सूर्य आग्नेयेला, म्हणजे बरोबर तुमच्या पाठीशी. पाण्यावरच्या प्रत्येक पक्ष्याचा रंग उजळून दिसतो, बदकाच्या पंखावरची हिरवी-निळी पट्टीसुद्धा. दुपारनंतर सूर्य नैऋत्येला-पश्चिमेला सरकतो आणि बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला बघताना ऊन थेट डोळ्यात. नवीन तलावावर जाताना फोनच्या नकाशात काठाची दिशा बघा: सकाळी पूर्वेकडचा काठ, संध्याकाळी पश्चिमेकडचा. एवढं केलं तरी निम्मी ओळख सोपी होते.

धरणाच्या भिंतीजवळ, चौपाटीवर वेळ घालवू नका. डोणजे फाट्यावरून सिंहगडाकडे न वळता पानशेतच्या रस्त्याने गोऱ्ह्याच्या बाजूला पुढे जा, गर्दी मागे राहते आणि काठावर शेतं, उथळ खाड्या सुरू होतात. पीएमपीच्या बसने आलात तर पुढचा भाग जरा अवघड जातो, दुचाकी सगळ्यात सोयीची. काठावरची बरीच जमीन खाजगी आहे, शेतात शिरायच्या आधी विचारा, गावातली माणसं सहसा नाही म्हणत नाहीत आणि कुठे बदकं बसतात हेही सांगतात.

पोचल्यावर:

१) लगेच काठाशी जाऊ नका. झाड किंवा गाडीच्या आडून पन्नास-साठ मीटरवर थांबा आणि पहिल्यांदा सगळं पाणी डावीकडून उजवीकडे हळूहळू दुर्बिणीने झाडून घ्या. तुम्ही तडक काठावर गेलात की कडेची तुतवार-ढोकरी उडतात, त्यांच्या ओरडण्याने टिटव्या उठतात आणि टिटवीने सगळ्यांना कळवलं की बदकं आत सरकतात. मग उरलेला तास तुम्ही ठिपके बघता.

२) तीन पट्टे करा मनात: ओला काठ, उथळ पाणी, खोल पाणी. एकेक पट्टा पूर्ण संपवा. डोळे सैरभैर फिरवले की मोठे पांढरे बगळे तेवढे दिसतात आणि मातीच्या रंगाची तुतवार पायाशी असून सुटते.

३) मग पाण्याच्या वर. तारांवर, वठलेल्या झाडांवर, खांबांवर. खंड्या, कवड्या खंड्या, तारवाली भिंगरी, घारी, कापशी, आणि नशीब असेल तर मासा धरून बसलेला कैकर.

४) शेवटी मागे वळून शेतं बघा. शेतात तीरचिमण्या, धोबी, गाय बगळे, शराटी. पाण्याला पाठ करून बघणारा माणूस क्वचितच दिसतो, आणि तिथेच पाच-सहा जाती वाढतात.

इथे नेहमी चुकणाऱ्या जोड्या थोडक्यात सांगतो.

पांढरा दिसला की "बगळा" लिहून मोकळं होऊ नका. चोच काळी आणि पाय काळे पण पंजे पिवळे, तो छोटा बगळा. चोच पिवळी, मान आखूड, गुरांमागे किंवा शेतात, तो गाय बगळा. पिवळी चोच आणि लांब मान असेल तर मध्यम की मोठा हे तोंडाच्या रेषेवरून: रेषा डोळ्याखाली संपली तर मध्यम, डोळ्याच्या मागे गेली तर मोठा. वीण काळात चोचींचे रंग बदलतात, हिवाळ्यात मात्र हे चालतं.

तुतवारांत: सतत मागचा भाग खालीवर करतोय आणि खांद्यापाशी छातीच्या बाजूने पांढरी पाचर वर गेलीय, तो सामान्य तुतवार. पाठ ठिपकेदार, भुवई स्पष्ट, पाय पिवळसर आणि जरा लांब, तो ठिपकेवाला. पाठ गडद, आणि उडाल्यावर वरून पंख काळपट व शेपटीचं बूड एकदम पांढरं, तो हिरवा तुतवार.

धोब्यांत: पिवळं दिसलं म्हणजे पिवळा धोबी नाही. करड्या धोब्याची पाठ राखाडी असते, शेपूट खूपच लांब आणि पिवळा रंग शेपटीच्या बुडाशी सगळ्यात गडद. काळी पाठ, काळी छाती आणि ठसठशीत पांढरी भुवई असेल तर तो कवडा धोबी, तो इथलाच, वर्षभर असतो.

बदकांत चोच बघा, रंग नाही. काळी चोच, टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके म्हणजे हळदी-कुंकू. फावड्यासारखी रुंद चोच म्हणजे थापट्या, मादीसुद्धा ह्यावरून ओळखता येते. काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा ठसा म्हणजे वारकरी, तो बदक नाहीच. आणि बुडी मारून भलत्याच ठिकाणी निघणारी छोटी तपकिरी टिबुकली, तिला बदकाचं पिल्लू समजू नका.

नाही ओळखता आलं तर वहीत लिहा: आकार कशाएवढा, चोच, पायाचा रंग, काय करत होता. आणि पुढे जा. एका मादी बदकापायी अर्धा तास घालवला की बाकीचा काठ राहतो.

मोजणी: थवा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवा, आणि तेवढेच तुकडे पुढे मोजत जा. "खूप" असं लिहू नका. साधारण १२० हा आकडा "खूप"पेक्षा कितीतरी उपयोगाचा.

सावधान: पलीकडच्या काठावर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, संरक्षण खात्याचा भाग. तिकडच्या इमारतींकडे मोठी लेन्स रोखू नका, तिकडून जायचा प्रयत्न नको, ड्रोन तर अजिबात नको.

सावधान: उतरत्या पाण्याचा काठ वरून वाळलेला दिसतो आणि खाली गाळ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. भेगा पडलेल्या पट्ट्याच्या पुढे जाऊ नका. पाण्यात उतरायचंच नाही, ह्या धरणात दरवर्षी माणसं बुडतात. भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रातही जाऊ नका, वरून कधीही पाणी सोडलं जातं.

सव्वाअकरानंतर पाण्यावरून गरम हवा उठायला लागते आणि दुर्बिणीत लांबचं सगळं थरथरतं. तेव्हा कितीही महागडी दुर्बीण असो, लांबच्या पक्ष्याचे बारकावे दिसत नाहीत. ही निघायची वेळ.

५. दुपार: थांबा

जेवा, झोपा. फक्त त्याआधी अर्धा तास सकाळची वही बघून न ओळखलेले पक्षी पुस्तकात शोधा, आठवण ताजी असते. संध्याकाळपर्यंत पायाचा रंग आठवत नाही, आणि मग आपण नकळत पुस्तकातल्या चित्राप्रमाणे आठवायला लागतो. म्हणून आधी वहीतलं वर्णन, मग पुस्तक, हा क्रम मोडायचा नाही.

दुपारी एकदम काहीच बघू नये असं नाही. अकरा ते दोन आकाशात घारी आणि इतर शिकारी पक्षी गरम हवेवर चढतात, गच्चीतून वर बघितलं तरी कधी कधी चांगलं काही मिळून जातं.

६. चार ते अंधार पडेपर्यंत: बाग

संध्याकाळी बाग का, तर मोठी जुनी झाडं. परतीच्या वाटेवर सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असाल तर एम्प्रेस गार्डन, किंवा घराजवळची कुठलीही वड-पिंपळ-उंबर असलेली जागा. फक्त हिरवळ आणि शोभेची झुडपं असलेली बाग ह्या कामाला नको, ती बघायला छान असते पण पक्ष्यांना तिथे खायला थोडंच असतं.

चार ते पाच: फळलेलं एक झाड धरून बसा. तांबट, हळद्या, राखी धनेश, कोकीळ, मैना. तांबट दिसत नाही अशी तक्रार असते, तो पानांच्या रंगाचा आहे आणि बराच वेळ हलत नाही, म्हणून झाडाच्या वरच्या वाळक्या काटक्यांवर बघा, उन्हाला तिथे येतो. शिंजीर मादी जातीपर्यंत ओळखायचा हट्ट नको, "शिंजीर" एवढंच लिहा, ई-बर्डमध्ये तशी सोय आहे.

पाच ते सूर्यास्त: झाडाखालून निघा आणि जिथून आकाशाचा मोठा तुकडा दिसतो तिथे या. पोपट, मैना, कावळे, बगळे रातथाऱ्याकडे, म्हणजे रात्री एकत्र झोपायच्या झाडांकडे, जायला लागतात. कुठल्या दिशेने कुठे, किती, किती वाजता हे लिहा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जानेवारीच्या शेवटी सव्वासहा होऊन जातात.

सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटं: जुन्या झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी पिंगळे येऊन बसतात. बॅटरीचा झोत किंवा फ्लॅश मारू नका, त्यांचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. लांबून बघा, निघा. संध्याकाळी बागेऐवजी टेकडी घेतली असेल तर मात्र उजेड असतानाच खाली या, एकट्याने तर नक्कीच.

सावधान: घरटं दिसलं तर थांबू नका, फोटो नको, जागा कोणाला कळवू नका, ऑनलाइन तर नकोच. तुमच्यामागे कावळा बघत असतो आणि तुम्ही गेल्यावर तो तिथे जातो. घरटी-अंडी ह्यांना हात लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हाही आहे. आणि फरसाण, शेव, ब्रेड काहीही टाकू नका, ना बागेत ना धरणावर.

७. रात्री: यादी

सगळ्यात मोठी चूक इथे होते: दिवसभराची एकच यादी. तळजाईचा थिरथिरा आणि खडकवासल्याचा थापट्या एका यादीत एका जागेवर पडले की ती नोंद कोणाच्याच उपयोगाची राहत नाही, पुढे कोणी बघितलं तर त्याला वाटेल टेकडीवर बदकं होती. तीन जागा, तीन याद्या. आणि काठावर तुम्ही गाडीने पुढे सरकून दुसरीकडे थांबला असाल तर तिथली चौथी.

प्रत्येक यादीला सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर आणि किती माणसं हे लागतं. ॲपमध्ये जागेवर पोचल्यावरच सुरू केलं तर हे आपोआप येतं, म्हणून आठवणीवर सोडू नका. एका जागी बसून बघितलं असेल तर "स्थिर", चालत असाल तर "प्रवास". गाडीतून जाताना सहज दिसलेला पक्षी "सहज नोंद" म्हणून वेगळा टाका, जवळच्या यादीत कोंबू नका.

शेवटी ॲप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का. कावळे, पारवे, साळुंक्या वगळल्या असतील तर उत्तर "नाही" आहे. त्या वगळूच नका. उद्या साळुंक्या कमी झाल्या हे कळायचं असेल तर आज त्या किती होत्या हे कोणीतरी लिहिलेलं पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच.

जिथे आकडा माहीत नाही तिथे ॲप "एक्स" टाकू देतं, ते अगदी नाइलाज असेल तरच. एखाद्या नोंदीवर लाल खूण आली, म्हणजे ह्या भागात ह्या महिन्यात हा पक्षी सहसा दिसत नाही, तर घाबरून काढूनही टाकू नका आणि नुसती ओकेही करू नका. वहीतलं वर्णन जसंच्या तसं टिपणीत लिहा, अंधुक का असेना फोटो असेल तर जोडा. नंतर कोणी तपासणाऱ्याने विचारलं तर तेवढ्यावर उत्तर देता येतं, आणि ओळख चुकली असं लक्षात आलं तर जुनी यादी उघडून नाव बदलता येतं, त्याला मुदत नाही.